पोह महिन्यात दिवे लावायचे की जमिनीवर झोपायचं? (नानकशाही कॅलेंडर आणि गुरुपुरबांच्या तारखा)

रानजाई | २८ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही अमृतसरला आलो त्याला आता चौथं वर्ष. जुन्या शहरातल्या गल्लीत राहतो. समोरच्या घरात बीजी आहेत, वय ८१. त्यांचा मुलगा, सून आणि मोहालीत नोकरी करणारा नातू, असं घर.

पोह म्हणजे आपला पौष लागला की बीजींचं घर बदलतं. डिसेंबरच्या विशीपासून आठवडाभर त्यांच्याकडे गोड शिजत नाही, नवा कपडा अंगाला लागत नाही, आणि गुडघे दुखत असतानाही बीजी खाली सतरंजी टाकून झोपतात. पहिल्या वर्षी मला काहीच माहीत नव्हतं. तिळाचे लाडू घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "पुत्तर, एह दिन लंघ जाण दे." हे दिवस सरू दे.

हे दिवस साहिबजाद्यांचे. १७०४ च्या कडाक्याच्या थंडीत आनंदपूर सोडताना गुरू गोविंदसिंगांचं कुटुंब विखुरलं. थोरले दोघे, अजितसिंग आणि जुझारसिंग, चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग सरहिंदच्या सुभेदाराच्या हाती लागले आणि त्यांना भिंतीत चिणलं. आजी माता गुजरी तिथल्याच थंड बुरुजात वारल्या. बीजी म्हणतात, माताजी थंड्या बुर्जात बसल्या होत्या, मग मी मंजीवर कशी झोपू? मंजी म्हणजे आपली बाज.

आता माझा प्रश्न. काल, २७ डिसेंबरला, गुरू गोविंदसिंगांचा प्रकाश पुरब होता. म्हणजे जन्मदिवस. गुरुद्वाऱ्यांवर रोषणाई, लंगरात जिलेबी. मुलांच्या बलिदानाच्या आठवड्यात वडिलांच्या जन्माचा आनंद! घरात तीन मतं झाली. सूनबाई पहाटे दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, जाऊन आल्या. नातू म्हणाला, खरा गुरुपुरब ५ जानेवारीला, नानकशाही कॅलेंडरमध्ये तसंच आहे. आणि बीजी? त्या दुपारी माथा टेकून आल्या, जिलेबीचा प्रसाद पदराच्या टोकाला बांधून आणला आणि खाल्ला नाही.

गेल्या वर्षी हाच सण ६ जानेवारीला आला होता असं मला पक्कं आठवतंय. मग एकाच वर्षात दोनदा कसा? हे कॅलेंडर नेमकं काय आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी ते एकमतानं का पाळलं जात नाही? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही.

---

नवखा | २८ डिसेंबर, रात्री ११.१५

गेल्या वर्षी नाही, याच वर्षी! ६ जानेवारी २०२५ आणि २७ डिसेंबर २०२५. आमच्या ऑफिसच्या ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत दोन्ही होत्या, मला ती चूक वाटली होती. वाचतोय.

---

खगोलवेडा | २९ डिसेंबर, सकाळी ७.०५

चूक नाही. आणि २०२६ च्या अख्ख्या वर्षात तिथीनं हा सण येणारच नाही, पुढचा थेट जानेवारी २०२७ मध्ये. २०१४ मध्येही असंच झालं होतं: ७ जानेवारी आणि २८ डिसेंबर, मग २०१५ कोरडं. २०१७ मध्ये ५ जानेवारीला पाटण्यात ३५० वा प्रकाश पुरब प्रचंड थाटात झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुन्हा सण आला, बरोबर शहीदी आठवड्यात. तेव्हाही बराच वाद झाला होता.

कारण आपल्या घरातलंच आहे. हा सण पोह सुदी ७ ला, म्हणजे पौष शुद्ध सप्तमीला धरतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. म्हणून तिथीचा सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि धोंड्याचा महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे ढकलला जातो. आपली दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात तर कधी नोव्हेंबरच्या मध्यात येते, तेच गणित. फक्त हा सण वर्षाच्या सांध्यावर बसलेला असल्यानं एका इंग्रजी वर्षात कधी दोन पडतात, कधी एकही नाही.

पंजाबात मात्र आपल्याहून एक गोष्ट जास्तीची आहे आणि ती कळली की बाकी सगळं उलगडतं. तिथे चांद्र महिन्यांच्या जोडीला सौर महिने रोजच्या वापरात आहेत. सूर्य ज्या दिवशी नव्या राशीत जातो ती संग्रांद, महिन्याची पहिली तारीख. आपल्याला बारा संक्रांतींपैकी मकर तेवढी ठाऊक. तिथे बाराही संग्रांदी गुरुद्वाऱ्यात पाळतात आणि त्या महिन्याचं बारह माहातलं (ग्रंथसाहिबातली बारा महिन्यांवरची रचना) पद वाचलं जातं. त्यामुळे जुन्या कागदांत एकाच दिवसाच्या दोन नोंदी सापडतात. गुरू गोविंदसिंगांचा जन्म विक्रम संवत १७२३, पोह सुदी ७. आणि तोच दिवस सौर मोजणीनं २३ पोह. पहिली नोंद चंद्राची, दुसरी सूर्याची.

सगळा वाद एवढ्यावर आहे की वर्षानुवर्षं सण पाळताना यांतली कुठली नोंद धरायची. सुदी ७ धरली तर सण सरकतो. २३ पोह धरला तर तो जवळपास जागेवर राहतो. कामाला जायचंय, बाकीचं रात्री.

---

गोदाकाठ | २९ डिसेंबर, सकाळी ९.३०

मी नांदेडचा. आमच्याकडे हे सगळं आणखी वेगळं आहे म्हणून लिहितो.

शिखांचे पाच तख्त, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठं: अमृतसरचं अकाल तख्त, आनंदपूरचं केशगढ साहिब, तलवंडी साबोचं दमदमा साहिब, पाटणा साहिब आणि आमचं हजूर साहिब. २००३ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं नानकशाही कॅलेंडर लागू केलं तेव्हा पंजाबातल्या तीन तख्तांनी ते घेतलं. पाटणा आणि नांदेडनं घेतलं नाही. आम्ही जुन्या विक्रमी तिथ्यांवरच राहिलो.

बाहेरून आलेल्याला हा हट्ट वाटेल. पण नांदेडच्या वर्षाला एक लय आहे आणि ती तिथीवर बसलेली आहे. दसऱ्याला आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी महल्ला निघतो. निशाण साहिब पुढे, घोडे, आणि ठरलेल्या ठिकाणी अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की नंग्या तलवारी घेऊन "बोले सो निहाल"च्या गजरात सगळे एकदम धावत सुटतात. लहानपणी आम्ही वडिलांच्या खांद्यावर बसून बघायचो. दिवाळीच्या आधी तख्त स्नान असतं. गोदावरीतून घागरी भरून आणतात आणि तख्त साहिब व जुनी शस्त्रं धुऊन काढतात. घागरी नेणाऱ्यांत आमच्या गल्लीतली पोरंही असायची.

२००८ मध्ये गुरता गद्दीला (ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं तो दिवस) ३०० वर्षं झाली तेव्हाचा सोहळाही ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीला लागूनच झाला. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, नांदेडचं रूपच पालटलं. नानकशाहीप्रमाणे गुरता गद्दीची ठरलेली तारीख २० ऑक्टोबर आहे. आमच्या आजीला २० ऑक्टोबर सांगितली असती तर तिला काही बोध झाला नसता. तिला "दिवाळीतली गुरता गद्दी" माहीत होती.

---

तिथीवाला | २९ डिसेंबर, दुपारी १.२०

गोदाकाठ, तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथी आकाशात दिसते, तारीख फक्त कागदावर असते. कार्तिकी पौर्णिमेला आपल्याकडे त्रिपुर पाजळतात आणि त्याच रात्री गुरू नानकांच्या जन्माचे दिवे लागतात, दोन्हीवर चंद्र एकच. हे ५ नोव्हेंबरला पाहिलं आणि बरं वाटलं. ते तोडून मिळवायचं काय? केवळ ऑफिसच्या सोयीसाठी सण एका तारखेला खिळायचे?

---

मॅपल | २९ डिसेंबर, रात्री ८.५५ (इथे सकाळ)

"ऑफिसच्या सोयीसाठी" हे मला पटलं नाही, म्हणून दुसरी बाजू मांडते.

मी कॅनडात सरे इथे प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं पंजाबी घरांतली. सप्टेंबरमध्ये आम्ही भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावतो आणि प्रत्येक मूल आपल्या घरचे सण त्यावर लिहितं. नाताळ लिहिणाऱ्या मुलाला कुणाला विचारावं लागत नाही. पहिल्या वर्षी एका शीख मुलीनं विचारलं, "मिस, माझ्या गुरूंचा वाढदिवस कधी असतो हे दरवर्षी आजीला फोन करून का विचारायचं?" ती मुलगी दुसरीत होती. सोयीचा प्रश्न तो नव्हता. आपलं काही तरी आपल्या हातात असावं, असं तिला वाटत होतं.

इथले बरेच गुरुद्वारे मूळ, म्हणजे २००३ चं, नानकशाही पाळतात. ते कॅलेंडर करणारा माणूसही इथलाच, पालसिंग पुरेवाल. पेशानं अभियंता, पंजाबातून आधी इंग्लंडला आणि मग एडमंटनला आलेले. कित्येक वर्षं ते एकटे जुन्या तारखा तपासत बसले. १४६९ पासून २००० पर्यंतची पाचशे वर्षांची जंत्री त्यांनी आधी तयार केली, प्रत्येक दिवसाच्या विक्रमी आणि इंग्रजी तारखा जुळवून. कॅलेंडर त्यातूनच उभं राहिलं. २०२२ मध्ये ते वारले, तेव्हा इथल्या गुरुद्वाऱ्यांत त्यांच्यासाठी अरदास झाली.

त्यांच्या कॅलेंडरात वर्ष गुरू नानकांच्या जन्मापासून, १४६९ पासून मोजतात. १ चेत म्हणजे नेहमी १४ मार्च. वैसाखी नेहमी १४ एप्रिल. गुरू अर्जनदेवांची शहीदी १६ जून, गुरू तेगबहादूरांची २४ नोव्हेंबर, ग्रंथसाहिबांचा पहिला प्रकाश १ सप्टेंबर, गुरू गोविंदसिंगांचा जन्म ५ जानेवारी. आमच्या भिंतीवर आता हे मुलं स्वतः लिहितात.

आणि तिथीवाला, कार्तिकी पौर्णिमा २००३ च्या कॅलेंडरानं तोडलेली नाही. तीन सण मुद्दाम जुन्या तिथीवर ठेवले होते: गुरू नानकांचा जन्म, होला महल्ला आणि दिवाळीचा बंदीछोड दिवस. लोकांच्या भावनेला धरूनच.

---

खगोलवेडा | ३० डिसेंबर, रात्री १२.१०

मॅपल यांनी चांगलं लिहिलंय. मी गणिताची बाजू पुरी करतो. मला या कॅलेंडरमधलं खरं सौंदर्य तिथे दिसतं आणि त्याची दुबळी जागाही तिथेच.

आधी सौर महिन्यांतली जुनी अडचण. आपली पंचांगं ज्या सूर्यसिद्धांताच्या वर्षावर चालत आली, ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठं. चोवीस मिनिटं किरकोळ वाटतात, पण साठेक वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीला झाला आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ ला, कधी १५ ला येते. फरक डोळ्यांसमोर आहे. वैसाखीचंही तसंच. १६९९ मध्ये ज्या वैसाखीला खालसा पंथ उभा राहिला, ती तेव्हाच्या ज्यूलियन कॅलेंडरनं मार्चच्या अखेरीस होती. आजच्या ग्रेगोरियन मोजणीत ती ८ एप्रिलच्या आसपास येते. आता १३-१४ एप्रिल. असंच चालत राहिलं तर काही हजार वर्षांनी वैसाखी पावसाळ्यात जाईल. आणि बारह माहामध्ये तर प्रत्येक महिना त्याच्या ऋतूसकट गायलेला आहे. चेतमध्ये बहर, आषाढात होरपळ, पोहमध्ये गारठा. महिना ऋतूपासून सुटला तर त्या पदाचा पायाच सरकतो. पुरेवालांचा मूळ मुद्दा हा आहे. सुट्टी सोपी होणं हा त्याचा जोडलाभ.

म्हणून त्यांनी ऋतूंचं वर्ष घेतलं आणि महिने बांधून टाकले. चेतपासून सावनपर्यंत पाच महिने ३१ दिवसांचे, भादोंपासून फग्गणपर्यंत सात महिने ३० चे, लीप वर्षी फग्गण ३१ चा. आपल्या भारतीय राष्ट्रीय सौर कॅलेंडरशी याचं सख्खं नातं आहे. मेघनाद साहांच्या समितीनं केलेलं, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं, आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकू येणारं ते. तिथेही उन्हाळ्या-पावसाळ्याचे महिने ३१ चे. साहांचं कॅलेंडर राजपत्रात राहिलं. पुरेवालांचं निदान घरांच्या भिंतीवर पोहोचलं.

आता दुबळी जागा. त्यांनी महिन्यांच्या सुरुवाती १९९९ च्या सुमाराच्या तारखांवर गोठवल्या. म्हणजे त्याआधीचं तीनशे वर्षांचं सरकणं तसंच राहिलं. गुरू गोविंदसिंगांच्या जन्माचा २३ पोह हा ज्यूलियन २२ डिसेंबर १६६६, आजच्या मोजणीनं १ जानेवारी १६६७. कॅलेंडर सांगतं ५ जानेवारी. टीकाकार यावर बोट ठेवतात आणि ते चूक नाही. पण पर्याय काय होते ते पाहा. ज्यूलियन तारीख तशीच उचलावी तर ती परक्यांची आणि रद्द झालेली. ग्रेगोरियनमध्ये रूपांतर करावं तर २३ पोह हा लोकांच्या तोंडचा आकडा हरवतो. पुरेवालांनी आकडा वाचवला. २३ पोह हा २३ पोहच राहिला.

आपण स्वतः काय केलंय? १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख ज्यूलियन आहे. ग्रेगोरियनमध्ये ती १ मार्च होते. आपण सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला करतो आणि फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीनं पुन्हा करतो. एकाच गावात दोन मिरवणुका पाहत आपण मोठे झालो. त्यामुळे शीख बांधवांच्या घरातला हा तिढा मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये.

---

तिथीवाला | ३० डिसेंबर, सकाळी ८.४०

शिवजयंतीचं उदाहरण मनाला लागलं. आमच्याकडे वडील तिथीवाले, काका तारीखवाले, आणि दोघांचे हार एकाच पुतळ्याला. टिळक पंचांगाचंही आठवलं. माझ्या आजोळी टिळक पंचांग. काही वर्षी त्यांचा अधिक मास वेगळा येतो आणि त्यांचे गणपती आमच्या आधी महिनाभर बसतात. लहानपणी दोनदा मोदक म्हणून आनंद, पण आजीला शेजारणी विचारायच्या तेव्हा ती कानकोंडी व्हायची. त्या मुलीचा प्रश्न आता वेगळा ऐकू येतोय.

एक शंका: पंजाबचा पौर्णिमान्त महिना आणि आपला अमान्त, यामुळे काही घोळ होतो का?

---

खगोलवेडा | ३० डिसेंबर, सकाळी ९.००

शुद्ध पक्षात नाही, वद्यात होतो. होला महल्ला तिकडे चेत वदी १, आपल्याकडे तोच दिवस फाल्गुन वद्य १, धुळवड. दिवस एकच, महिन्याचं नाव वेगळं. मराठी लेखकांनी शीख इतिहासातल्या वदी तिथ्या जशाच्या तशा उचलल्या की एक महिन्याची चूक होते. मी स्वतः केलेली आहे.

---

दखनी | ३० डिसेंबर, रात्री ९.४५

नांदेडचा शीख आहे म्हणून लिहिणं भाग आहे. आमचे पूर्वज महाराजा रणजितसिंगांच्या काळात आलेल्या लाहोरी फौजेतले. त्या फौजेतले अनेक जण इथेच राहिले. आम्हाला दखनी शीख म्हणतात. घरात पंजाबी वाचतो गुरुमुखीतून, भांडतो मराठीत आणि हिशेब करतो दखनीत.

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. गुरबाणीत कुठलाही दिवस शुभ किंवा अशुभ नाही. तिसऱ्या गुरूंनी, गुरू अमरदासांनी, तिथी-वारांची सेवा करणाऱ्यांना फार कडक शब्दांत मूढ म्हटलंय. बारह माहाच्या शेवटी गुरू अर्जनदेव सांगतात की ज्याच्यावर त्याची नजर आहे त्याला सगळे महिने, दिवस, मुहूर्त भलेच. त्यामुळे संग्रांदीला गुरुद्वाऱ्यात जायचं ते महिन्याचं पद ऐकायला. तो दिवस पवित्र म्हणून नाही. मसिया, म्हणजे अमावास्या, तरनतारनला मोठी भरते, हजारो लोक सरोवरात उतरतात, तिथेही ग्रंथी हेच समजावतात.

मग आम्ही नांदेडकर तिथीला का चिकटतो? आमच्यासाठी ती मर्यादा आहे, ग्रहांचं बळ वगैरे काही नाही. गुरूंनी देह ठेवला त्या जागी तीनशे वर्षं जे जसं चाललंय ते तसंच राखणं, एवढीच आमची नोकरी. संध्याकाळी आमच्याकडे दिवे ओवाळून आरती होते, पंजाबात होत नाही. तिकडून आलेल्यांना नवल वाटतं. आम्ही वाद घालत नाही. २००३ मध्येही इथल्या बुजुर्गांची भाषा "तुमचं चूक" अशी नव्हती. "आम्ही बदलू शकत नाही" अशी होती.

मात्र रानजाईताईंच्या बीजींबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. २७ ला माझी आईही जिलेबी करताना थांबली. म्हणाली, आज धाकट्यांचा आठवडा आहे रे. तिथी पाळणाऱ्या घरातही हा सल आहेच.

---

गोदाकाठ | ३० डिसेंबर, रात्री १०.२०

दखनी, आईंना नमस्कार सांगा.

---

नवखा | ३१ डिसेंबर, सकाळी ११.००

मग २००३ मध्ये पंजाबानं स्वीकारलं होतं तर आता अमृतसरमध्ये २७ डिसेंबर कसा? रानजाई यांच्या घरातले नातू ५ जानेवारी म्हणतात आणि दरबार साहिब २७?

---

मॅपल | ३१ डिसेंबर, रात्री ९.१०

कारण २०१० मध्ये समितीनं त्यात बदल केले. दमदमी टकसाळ आणि संत समाज या परंपरावादी शीख संस्थांचा २००३ च्या कॅलेंडरला पहिल्यापासून विरोध होता. त्यांच्या मते परंपरेपासून ते फार दूर जात होतं. २०१० नंतर संग्रांदी परत विक्रमी पंचांगाप्रमाणे आल्या आणि महत्त्वाचे गुरुपुरब हळूहळू तिथीवर गेले. नाव नानकशाहीच राहिलं. म्हणून जुन्याला लोक आता "मूळ नानकशाही" म्हणतात. एकाच नावाची दोन कॅलेंडरं, म्हणून घराघरात गोंधळ.

याची झळ कुठे बसते तर सीमेवर. पाकिस्तानातली गुरुद्वारा समिती मूळ नानकशाही पाळते. लाहोरला डेरा साहिबमध्ये, जिथे गुरू अर्जनदेव शहीद झाले, तिथे शहीदी दिवस १६ जूनलाच. अमृतसरला तो जेठ सुदी ४ ला. २०२५ मध्ये ३० मेला आला. येत्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यानं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जाईल. अमृतसर ते लाहोर जेमतेम पन्नास किलोमीटर. जथ्याचा, म्हणजे यात्रेकरूंच्या तुकडीचा, व्हिसा मागायचा तर कुठल्या तारखेचा? एकाच हौतात्म्यासाठी दोन्हीकडे भर उन्हाळ्यात छबील लागते, थंड गोड दूध-पाणी वाटतात, पण वेगवेगळ्या दिवशी. माझ्या सहकारी शिक्षिकेचे वडील लाहोरला जाण्यासाठी अनेक वर्षं थांबले आणि तारखांच्या घोळात तो जथा त्या साली निघालाच नाही. ते आता नाहीत. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

गुरू नानकांच्या जन्माचंही लिहून टाकते. जुन्या जनमसाख्यांपैकी (गुरू नानकांच्या चरित्रकथा) बहुतेक वैशाख सांगतात, एप्रिल १४६९. भाई बाला यांच्या नावाची साखी कार्तिक सांगते आणि तीच रूढ झाली. इथले काही गुरुद्वारे आता वैसाखीलाच गुरू नानकांचा जन्मही साजरा करतात. नोव्हेंबरमध्येही दिवे लागतातच.

---

वाटसरू | १ जानेवारी २०२६, सकाळी ६.३०

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा गेलो होतो. गुरुदासपूर जिल्ह्यातलं छोटं गाव, आणि तिथे आपले नामदेव 'बाबा नामदेव' झालेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपण त्यांची जयंती कार्तिक शुद्ध एकादशीला करतो, संजीवन समाधी आषाढ वद्य त्रयोदशीला, पंढरपूरच्या पायरीशी. घुमानची जत्रा मात्र माघीच्या सुमाराला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवसांत भरते. मी तिथल्या एका म्हाताऱ्या सरदारजींना विचारलं, आमच्याकडे तिथी वेगळी आहे, तुमच्याकडे ही कशी? ते म्हणाले, "तुहाडे कोल जम्मे, साडे कोल रहे." तुमच्याकडे जन्मले, आमच्याकडे राहिले. मला ते उत्तर पुरलं.

---

रानजाई | ६ जानेवारी, रात्री ११.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. धागा नातवाला मराठीतून जमेल तसा वाचून दाखवला. "२३ पोहचा आकडा वाचवला" हे वाक्य त्यानं दोनदा ऐकलं.

काल ५ जानेवारी. सकाळी बीजींनी स्वतः हाक मारली. घरात कडाह प्रसाद केला होता, तुपाचा वास जिन्यापर्यंत. संध्याकाळी त्यांनी कठड्यावर दिवे लावले. गल्लीत दुसऱ्या कुणाच्याच दारात नव्हते. सूनबाईंनी तेल घातलं, त्यांचा गुरुपुरब दहा दिवसांपूर्वी होऊन गेला असूनही. मी माझे राहिलेले लाडू नेले. बीजींनी पहिला तोडून माझ्याच तोंडात घातला. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती.

मी विचारलं, बीजी, तुम्ही कुठलं कॅलेंडर पाळता? त्या म्हणाल्या, लहान्यांचे दिवस सोडून बापाचा वाढदिवस करते, त्यात कॅलेंडर कसलं.

मग सहज त्यांचा वाढदिवस विचारला. आधारकार्डावर १ जानेवारी आहे, शाळेत कुणी तरी टाकून दिलेला. खरा दिवस त्यांना आईनं सांगितलेला: लायलपूरजवळच्या एका चकात, फाळणीच्या आधी तीन वर्षं, ३ सावन. ८१ वर्षांत कुणी तो साजरा केलेला नाही, कारण इंग्रजी तारीख कुणाला काढता आली नाही. नातवानं फोनवर कॅलेंडर उघडलं. १ सावन १६ जुलै, म्हणजे ३ सावन १८ जुलै.

खगोलवेडा, बरोबर आहे ना?

---

खगोलवेडा | ६ जानेवारी, रात्री ११.२०

मूळ नानकशाहीप्रमाणे बरोबर, १८ जुलै. १९४४ च्या जंत्रीत एखादा दिवस इकडेतिकडे निघेल.

---

तिथीवाला | ६ जानेवारी, रात्री ११.३२

तिथी मी शोधतो. पण पेढे १८ लाच न्या.

---

रानजाई | ६ जानेवारी, रात्री ११.४०

लिहून ठेवलंय. बीजींनी नातवाकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून घेतली आहे, ३ सावन आणि १८ जुलै, दोन्ही.